आबांनी दिलेली भाकरी

बेळगाव, १२ मे १९४६

बनूआक्का, धाकट्या जोतीरामाचा पाया पडून नमस्कार. मी धडधाकट हाय. तुजा खोकला थांबला का? हे वाचून चुलीत घाल.

ऐनवेळी रजा रद्द झाली असं आबांना मागनं लिवलं, ते खोटं. मी बेळगावाकडं येनाऱ्या त्या गाडीतच हुतो. पण लगीन करून त्या ठरवलेल्या पोरीला कसा फसवू? बाईची ओढ मला कवाच नव्हती. माजा जीव पलटणीतल्या हंबीररावात गुतलाय.

कराडला आबा जुन्या लढाईचं बिल्लं छातीला लावून फलाटावर हुतं. मी बाकाखाली लपलो. त्यांनी पलटणीचा गणवेस बघून खिडकीतनं माज्या संगतीच्या हंबीररावालाच इचारलं, "आमचा जोतीराम कुठाय रं?"

"रजा रद्द झाली, आबा."

तवा भाकरीचं गठुडं त्यांनी त्याच्याच हातात दिलं. "तू खा, लेकरा. तू बी आमचाच."

लय लाज वाटती, आक्का. मिरजेच्या पुढं आमी दोगांनी ती भाकरी खाल्ली बी.

तुजा जोती