मुलुंड ते घाटकोपर, चॅनल चौदा

शनिवार, ६ जानेवारी २०२४
सीबी रेडिओचे, म्हणजे घरून घरी बोलायच्या वायरलेसचे, दोन सेट आले. एक माझा, एक कुंडलिकचा. कंपनीच्या स्टोअर्समध्ये आमची टेबलं शेजारी-शेजारी होती. कंपनी बंद झाली, तो राहिला घाटकोपरला, मी मुलुंडला. आता तो बायकोला, सोनूबाईला, घेऊन कायमचा गावी चाललाय, नांदेडकडे. एकवीस तारखेची गाडी. तोपर्यंत रोज संध्याकाळी सातला रेडिओवर गप्पा. त्याचा सेट मानसीबरोबर पाठवला. मुलगी असावी तर अशी. मला स्वतःला अँटेनाचं काम होतं.

रविवार, ७ जानेवारी
सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला, टेरेसवर काही लावायचं नाही. ठीक. घरातच लावतो. वायर पडद्याच्या रॉडवरून नेली. उद्या सातला उद्घाटन.

सोमवार, ८ जानेवारी
नुसती खरखर. मीटरचा काटा एकाजवळ हवा, तर सिग्नल बाहेर जातो. माझा तीनच्याही पुढे. म्हणजे सगळं सेटमध्येच परत येतंय. रॉड लोखंडी आहे हे बायकोने, वनमालाने, सांगितलं. मला माहीत होतंच, तुलना करून बघत होतो.
कुंडलिकचा फोन. म्हणाला, अरे घरी ये ना, चहा घेऊ. म्हटलं, दोन दिवस थांब, रेडिओवरच बोलू.

बुधवार, १० जानेवारी
वायर बेडरूममध्ये हलवली. कपाट लोखंडी. ग्रिलही लोखंडी. या घरात लाकूड म्हणून नाही. खुर्चीवर उभं राहून छताला चिकटपट्टीने लावली. माइकचं बटण दाबलं की समोरच्या सपनाताईंची बेल वाजते. त्या तीनदा दार उघडून गेल्या. म्हणजे सिग्नल बाहेर जातोय. प्रगती आहे.

शुक्रवार, १२ जानेवारी
इंटरनेटवर वाचलं, घरातल्या अँटेनाला खाली दुसरी वायर लागते, जमिनीसारखी. ती हॉलभर पसरली. वनमाला तिच्यात अडकली, पोह्यांची डिश माझ्या सेटवर. सेट पुसला. बायको बोलत नाही. शांततेत काम चांगलं होतं.
झोप लागत नाही. दुपारी तीनदा उठून काटा बघितला.

सोमवार, १५ जानेवारी
संक्रांत. कुंडलिक म्हणाला, तिळगूळ तरी घ्यायला येशील ना? सोनूबाईने लाडू केलेत, सामान बांधायच्या आधी ये. म्हटलं, आज चॅनलवरच देऊ-घेऊ.  तो म्हणाला, बरं.
सातला त्याला हाका मारत बसलो. सपनाताई दार उघडून, तिळगूळ देऊन गेल्या.

बुधवार, १७ जानेवारी
मानसी म्हणाली, बाबा, रिक्षाने अर्धा-पाऊण तास. तिला समजत नाही. तिथे कोणीही जाऊ शकतो. आपण काहीतरी उभं केलं पाहिजे.
वायर थोडी कापली. काटा वाढला. जोडली. तेवढाच. कुंडलिक फोनवर म्हणाला, रोज सातला सेट लावून बसतोय, सोनूबाई हसते. शिस्तीचा माणूस. मला बरं वाटलं.

शुक्रवार, १९ जानेवारी
काहीही नाही. बाल्कनीत, किचनमध्ये, पंख्याच्या हुकाला, सगळीकडे लावून झालं. संध्याकाळभर या खोलीतून त्या खोलीत. वनमाला म्हणाली, अहो, एकदा जाऊन या, मग ही कटकट नको. म्हटलं, उद्या लागलं नाही तर जाईन. शब्द दिला.

शनिवार, २० जानेवारी
सापडलं. वायरीच्या टोकाचा कनेक्टर उघडला. आत बाहेरच्या जाळीची एक तांब्याची तार, केसाएवढी, मधल्या तारेला चिकटली होती. पहिल्या दिवसापासून. कनेक्टर मीच बसवला होता, पण पार्टच हलका. ती तार कापली. काटा सरळ एक पॉइंट तीनवर.
सातला हाक मारली. उत्तर नाही. साडेसातला नाही. आठला फोन केला. कुंडलिक म्हणाला, सेट सामानात गेला रे, टेम्पो दुपारीच निघाला.
लागलं होतं, त्यामुळे घाटकोपरला गेलो नाही.

रविवार, २१ जानेवारी
कुर्ला टर्मिनसला गेलो. वनमालाने अक्षरशः बाहेर काढलं. डबा सापडला. खिडकीत सोनूबाई, दारात कुंडलिक. बारीक झालाय. मला बघून खाली उतरला, हात धरला, सोडेचना. गाडीला दहा मिनिटं होती.
त्याला केसाएवढ्या तारेचं सांगितलं. मग रॉडचं, कपाटाचं, जमिनीवरच्या वायरीचं. तो मान हलवत ऐकत होता. दोनदा काहीतरी बोलायला गेला, पण मी मुद्द्यावर होतो. शिट्टी झाली. तो चढला. दारातून त्याने विचारलं, तू बरा आहेस ना रे?
म्हटलं, वन पॉइंट थ्री.
घरी आलो. वनमालाने विचारलं, काय बोललात एवढं?
म्हटलं, टेक्निकल होतं.