तिकिटावरची दोन नावं

॥ श्री पुरुषोत्तम प्रसन्न ॥

तेलगाव,
चैत्र वद्य एकादशी, १३ एप्रिल २०२६

चि. सौ. आरोहीस,

आईचे अनेक आशीर्वाद. दाविदरावांनाही सांग.

इकडे सगळे खुशाल आहोत. ऊन लई झालंय, पण उसाला कॅनॉलची पाळी वेळेवर मिळाली. आज उपवास, स्वयंपाकाची घाई नाही, म्हणून सवडीने लिहायला बसले. कागदावर लिहून फोटो पाठवतेय, कारण फोन लावला की तुझे आण्णा ओट्यावर पान लावत बसतात. तू तिकडे स्पेनमध्ये परस्पर लग्न केलंस तेव्हापासून ते तुझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत, पण कान सगळे इकडेच असतात.

आधी कामाचं. तू त्या ग्रानाडाच्या राजवाड्याचं तिकीट पाठवलंस, ते बघितलं. इतक्या आधी कशाला काढलंस म्हणून मी तुला बोलले खरी. पण ऐन दिवसांत दारावर तिकीट मिळत नाही, आत जायची वेळसुद्धा ठरलेली असते, हे तू सांगितल्यावर पटलं. धोंड्याच्या महिन्यात आपल्या पुरुषोत्तमपुरीला दर्शनाची बारी लागते तसंच म्हणायचं. फक्त ही बारी घरबसल्या लावायची.

पण बाई, ते तिकीट चालायचं नाही. तू त्यावर मुक्ता लिहिलंस. पासपोर्टावर मी शिवकन्या आहे.

तुला ठाऊक असायचं कारण नाही. मुक्ता हे सासरचं नाव, तुझ्या आजीने काढलेलं. लग्नात ताटातल्या तांदळावर आण्णांनी अंगठीने ते लिहिलं, तेव्हाच मी ते पहिल्यांदा वाचलं. मग गावात, देवळात, तुझ्या शाळेच्या दाखल्यावर मी मुक्ताच झाले. पण दहावीची सनद शिवकन्याची आहे, आणि बँकेत, आधार कार्डावर मी सनदेवरचंच नाव लावत गेले. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पासपोर्ट आला तेव्हा आण्णांनी ते मोठ्यांदा वाचलं आणि म्हणाले, "ही कोण बाई म्हणायची?" मी म्हटलं, "आहे एक. लई दिवसांनी घरी आली."

तिथे तिकिटावरचं नाव बदलून मिळत नाही, असं तूच म्हणाली होतीस. म्हणजे ते वाया गेलं. त्याचे पैसे मी देणार, नको म्हणू नकोस. हिशेबाच्या वहीत कुठे मांडावं ते कळेना. शेवटी तुझ्या लग्नाचा आहेर म्हणून मांडलं. ती जागा कोरीच होती.

नवीन तिकीट काढायच्या आधी पुढचं सगळं वाच.

तू मागे फोनवर सांगत होतीस ना, त्या राजवाड्यात डोंगरावर पाणी खेळवलंय, बागेतून पाट वाहतात, आणि सुलतानांच्या काळी पाण्याची मोटार नव्हती, असं? दुसऱ्या दिवशी चहा घेताना आण्णा म्हणाले, "मोटार न्हाई तर पाणी डोंगरावर चढलंच कसं?"

"मला काय ठावं. पोरीला इचारा."

"मी कावून इचारू? तू चाललीस न्हवं, तू बघून ये."

"मला पाटातलं काय कळतंय. मी आपलं म्हणीन, लई छान हाय."

"ते तर तू समद्यालाच म्हणतीस," म्हणाले आणि उठून गेले.

संध्याकाळी शेतातून आले ते पाय धुवायच्या आधीच बोलले, "वरच्या अंगाला नदी फोडून आणलं असंल. उतार कसा धरलाय ते बघाया पायजे." मी हो म्हटलं आणि पाणी दिलं.

मग चार-सहा दिवसांनी मी अनारशाचे तांदूळ काढून ठेवत होते. तारखा मी धोंड्याच्या महिन्यातल्या मुद्दाम मागितल्या, हे तू ओळखलं असशीलच. त्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं. मी सहज बोलल्यासारखं म्हटलं, "आता चाललेच हाय तर दाविदरावांना अनारसे अन् दिवा देऊन येते."

पानाला चुना लावता लावता म्हणाले, "जावयाला वाण एकट्या बाईनं देत नसतेत. जोडीनं देतेत."

आरोही, जावई हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मी मान वर केली नाही, तांदूळच निवडत राहिले. बोलले असते तर परत उठून गेले असते.

आणि एक तुला सांगितलेलं नाही. दिवाळीनंतर आपला अमरसिंह माझ्या पासपोर्टाचा फॉर्म भरत होता, तेव्हा आण्णा त्याला म्हणाले, "काकूचा भरतुयास तर माझाबी भर. उगं बीडला दुसरा हेलपाटा नको." तेव्हापासून त्यांचा पासपोर्ट देवघरात पोथीखाली आहे. मी रोज पोथी उचलते, वाचते, परत त्यावर ठेवते. आधी सांगितलं असतं तर तू आस लावून बसली असतीस, आणि त्यांचं तरी कुठे नक्की होतं.

तर तिकिटं दोन काढ, एकाच वेळेची. काढल्यावर फोन करून रडू नकोस. त्यांना काही विचारूही नकोस. तिकिटाचा फोटो माझ्या नाही, त्यांच्या फोनवर पाठव, आणि खाली एवढंच लिही की पाणी कुठून आणलंय ते दाविदराव दाखवतील. व्हिसासाठी मुंबईला आम्ही दोघं बरोबरच जाऊ. डबा घरचाच नेऊ.

आता नावं. त्यांचं नाव मी उखाण्याशिवाय कधी तोंडाने घेतलं नाही. सरकारी कागदावर तेवढं लिहिते. पत्रात आज पहिल्यांदाच लिहितेय, अक्षर न् अक्षर बघून घे:

उत्तरेश्वर तात्याबा फपाळ
शिवकन्या उत्तरेश्वर फपाळ

हे लिहीत होते तर ओट्यावरून आवाज आला, "मघापासून काय लिव्हतीस एवढं?"

"तिकिटावरची नावं," मी म्हटलं.

पानाचा डबा खट्कन मिटला. मग म्हणाले, "माझं नीट लिव्ह."

आम्हा दोघांचे आशीर्वाद.

तुझी आई,
शिवकन्या