अनसूच्या आंगणातल्या कुरोड्या

ता. ७ एप्रिल, सोमवार
सकाळी शेजारचं अनसूचं घर उघडून झाडलं. लेकापाशी पुण्याले गेली तेव्हापासून कुलूप, चाबी माह्यापाशी. बंद घरात एवढी धूळ कोण आणून टाकते, देव जाणे. आंगणातली चूल सारवली. कुरोड्याचा चीक आमचा दरसाल त्याच चुलीवर. ती चाटू फिरवते, मी सोऱ्या दाबते. लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून हेच. मागच्या साली ती नव्हती, म्या केल्याच नाईत. सुनेनं इकतच्या आणल्या. फुलल्या मस्त, तोंडात कागद.
तिच्या दिलीपचा फोन आला. "मावशी, शनिवारपासून तीन दिवस सुट्ट्या आहेत, आईला घेऊन येतो." पहिले 'मायले' म्हणे. येऊ दे, कसाबी बोलो.

ता. ८, मंगळवार
गहू भिजू घातले. दोघीच्या वाट्याचे. सून वैशाली म्हणे, "आई, त्या आल्यावर भिजवा ना." म्हटलं, "तीन दिवस भिजाले, मंग वाटनं, मंग चीक. अनसू काय सुट्ट्या सरल्यावर चाटू धरन?"
दुपारून भिंतीपल्याडच्या जुबेदाच्या घरी शेवया. तिची सावड होती माह्यावर, पापडाले आली होती ना ती. जुबेदा म्हणे, "अनसू आली का पैले माह्या घरी पाठवजो, वरना दोघी दिनभर कुचुकुचू करत बसता." म्हटलं, "तुह्याच चुगल्या करतो."

ता. ९, बुधवार
गव्हाचं पाणी बदललं. मंग पिंपळगाव राजा, नणंदेले पाहाले. खुब्याचं हाड मोडलं तिचं. एसटीत उभ्यानं गेली.
नणंद पडल्या पडल्या म्हणे, "काऊन आली वं एवढ्या उन्हात?"
म्हटलं, "तू पडली हे डोळ्यानं पाहाव म्हटलं. जन्मभर मलेच पाडत आली."
हसली. हसता हसता रडाले लागली. तिचे केस इंचरून देल्ले. म्हणे, "तुले अनसू तरी हाय. मले कोन हाय?" येताना एसटीत तेच डोक्यात.

ता. १०, गुरुवार
पाणी बदललं. आंबूस वास सुटला. चांगलं लक्षण. वैशाली नाकाले पदर लावून फिरते, जशी कलेक्टरीन.
अनसूच्या दोन्ही बाजा बाहेर काढल्या. झोल पडला होता, दोऱ्या ताणून बांधल्या. घरातल्या पोट्ट्यायले सांगतलं असतं तं उद्या करतो म्हणले असते. कंबर धरली. मंग त्याच बाजेवर लवंडली जराशी. अनसू तथी पुण्याले पाचव्या माळ्यावर. एकदा फोनवर म्हणे, "ऊन येते वं, पन आंग शेकाले जागा नाई. गॅलरीत बाज मावत नाई." बाज मावत नाई त्या घरात हे माणूस कसं मावलं...

ता. ११, शुक्रवार
गहू वाटले, चोथा काढला, चीक बसाले ठेवला. गंजावर झाकण ठेवत होती तं दिलीपचा फोन.
"मावशी, आईचं नाही जमत. बीपी वाढलाय. पण रविवारी एक पाहुणे येतील, त्यांना घर दाखवाल का? चावी तुमच्याकडेच आहे."
"कायचे पाहुने?"
"घर विकायचं म्हणतोय. आईला अजून सांगितलं नाही. तुम्हीही बोलू नका."
बोलू नका. मले म्हणते.

ता. १२, शनिवार, हनुमान जयंती
चीक कोणासाठी थांबत नाई. वरचं पाणी काढलं, अनसूची चूल पेटवली. चाटू वैशालीच्या हाती देल्ला. गुठळ्याच गुठळ्या. "एकाच अंगानं फिरव! घोटून घे!" बिचारीच्या हाताले फोड आले, पण सोडला नाई चाटू. तेवढं म्हणाव लागन.
जुबेदा न बोलावता आली, बाजेवर धोतर टाकून देल्लं. पहिली कुरोडी चुलीले. ते दरसाल अनसू टाकते. म्या टाकली तं बोट भाजलं.
दोन्ही बाजा भरल्या. मारुतीचा परसाद राह्यला. उरला गरम चीक साखर टाकून वाटीवाटीनं काढला. पाह्यलं तं एक वाटी जास्तीची. अनसूची. सवय. म्याच खाल्ली, टाकून थोडीच देऊ.

ता. १३, रविवार
पाहुणे आले, नवरा-बायको, बूट घालून. म्हटलं, "पाहा घर, पन आंगनात पाय नाई ठेवाचा. कुरोड्या ओल्या हायत." घराचं दार आंगणातूनच.
तो म्हणे, "बाजा सरकवू का बाजूला?"
"हालवल्या का तुटतात. तुटक्या तुम्ही घेसान?"
फाटकातूनच मान लांबवली. बायको म्हणे, "अय्या, चूलपण आहे!" तो म्हणे, "काढून टाकू ती." चूल. काढून टाकू.
"कधी वाळतील?"
"ऊन पाहून."
"मग पुढच्या रविवारी येतो."
गाडी गेल्यावर जुबेदा भिंतीवरून, "कितना झूट! उद्यापरेंत वाळतीन त्या."
"मंग अजून गहू भिजवते," म्हटलं. बोलून गेली, मंग वाटलं, बरं बोलली.

ता. १४, सोमवार
कुरोड्या वाळल्या. दोन डबे भरले. एक तिचा.
फोन लावला. तिनंच उचलला. "चूल सारवली काय वं?" हे पहिलं.
म्हटलं, "बीपी कसा हाय तुहा?"
"मले काय झालं?"
घ्या.
म्हटलं, "अनसे, तुह्या घरी मानसं बूट घालून आंगन पाहून राह्यले. इकत घ्याले." मंग म्हणे, "दिलीपले सुट्टी नाई वं."
"दिलीपले कोन बोलावते? गाडी बुलढान्यापरेंत येते. स्टँडवर मी उभी राह्यते."
"एकलीनं कधी गेली नाई मी."
"नवा चीक शनिवारी चुलीवर हाटाचा हाय. वैशालीच्या गुठळ्या मी आता खानार नाई."
ठेवला फोन.

ता. १५, मंगळवार
गहू भिजू घातले. वैशाली म्हणे, "आई, दुकान टाकाचं काय कुरोड्याचं?" मंग माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् गंज उचलाले हात लावला.
दिलीपचा फोन दोनदा वाजला. हात ओले होते.

ता. १६, बुधवार
सकाळीच अनसूचा फोन. हळू बोलत होती, न्हाणीतून बोलल्यासारखी.
"भिजवले काय?"
"भिजवले."
"पानी बदलत जाय वं. रोज."
"तू येतं काय?"
मागून दिलीपचा आवाज आला, "आई, कोणाशी बोलतेयस?" अन् कटला.

ता. १७, गुरुवार
पाणी बदललं.