बाबांची हरकत

नागपूर,
१२ ऑक्टोबर

चि. रितिकास,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. गुडघे माझे, खोकला तुझ्या बाबांचा, वाटणी जुनीच आहे. तू आणि अंकुशराव ठीक असालच. फोनवर तुझा आवाज ऐकला की मला रडू येतं आणि बोलायचं राहून जातं, म्हणून पत्र.

तर बातमी अशी, की महानगरपालिकेच्या प्रभागांच्या सीमा पुन्हा बदलायला काढल्या. तू लहान होतीस तेव्हा नाल्याच्या दोन्ही बाजू एकाच वॉर्डात होत्या. शाळेतल्या बूथवर तू बाबांच्या खांद्यावर बसून जायचीस आणि माझ्याही बोटाला शाई लावा म्हणून भोकाड पसरायचीस. पुढे नाला हीच सीमा झाली. मग मोठा प्रभाग केला, पुन्हा सगळे एकत्र. आता कच्च्या नकाशात परत नाल्यावरून रेघ आली. आम्ही अलीकडे, तुमची कॉलनी पलीकडे.

बाबांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, हे हरकत नोंदवायला जातात. दर वेळी मागणी एकच, आपली गल्ली तोडू नका. या वेळी मात्र लिहिलं, नाल्यापलीकडची कॉलनी आमच्याच प्रभागात ठेवा.

"त्या लोकायची हरकत तुम्ही काहून घेऊन राहिले?" मी विचारलं.

"अवं, पाण्याची टाकी तिकडं आहे," म्हणाले. त्या टाकीचं पाणी आपल्याला कधीच आलं नाही.

तू जातीबाहेर लग्न केलंस त्या दिवसापासून त्यांनी घरात तुझं नाव काढलेलं नाही. आधी राग होता. तो निवला तरी हट्ट उरला. तुझं घर पुलावरून हाकेच्या अंतरावर, पण भाजी आणायलासुद्धा ते उलट्या दिशेला, जरीपटक्याच्या बाजारात जातात.

सुनावणीला मला सोबत नेलं. दिवाळीसाठी सीताबर्डीहून आणलेला शर्ट त्याच दिवशी घातला. तिथे टेबलामागे एक तरुण अधिकारी बाई होत्या. बाबांनी टाकी सांगितली, रस्ता सांगितला, शाळा सांगितली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, हे तिकडच्या लोकांनी मागायला पाहिजे. तुमचं तिकडे काय आहे?"

बाबा हातातले कागद खालीवर करत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, माही पोरगी राहते तिकडं."

रितू, मी मागच्या खुर्चीवर होते. पदर तोंडाला लावून बसले. एवढ्या वर्षांत जे मला एकदा म्हणाले नाहीत, ते त्या भरल्या हॉलमध्ये म्हणाले.

परवा पक्का नकाशा लागला. हरकत नामंजूर. रेघ नाल्यावरच आहे. बाबा पाहून आले आणि हरकतीचे कागद कपाटात ठेवू लागले. मी म्हटलं, जाऊ द्या आता. तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिले लिही वं. मत तिकडं दे, पण जेवाले इकडं ये म्हणा. जवायालेही आण म्हणा."

आता निवडणुकीचं कसं असतं तुला माहीत आहे. कितीदा पुढे ढकलली. तू मतदानाची वाट पाहू नकोस, येत्या रविवारीच या दोघं. जुनं काही काढू नकोस. बाबा आधी टाकीबद्दलच बोलत बसतील, बोलू दे त्यांना. मला फार आठवण येते तुझी. त्यांनाही येते, हे मी आता त्यांच्या परवानगीने लिहिते आहे.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी आई

ता. क. पाकिटावरचं अक्षर ओळखशील. मी तुझा घर नंबर सांगायला लागले तर म्हणाले, "मले पाठ आहे."