सोन्याचं चिलखत

प्रिय वर्षाली बाय,

मासळीच्या पिशवीत कागद सापडला म्हणून दचकू नकोस. आम्ही ठणठणीत आहोत, तुझ्या बाबांचा गुडघा तेवढा कुरकुरतो. गोदामावशीला मीच सांगितलं, तू वर्षालीच्या बिल्डिंगपाशी मासे विकायला जातेसच, तर हे बांगड्यांखाली गुंडाळून ने आणि तिच्याच हातात दे. कागदाला वास येत असेल तर शिव्या तिला घाल, मला नको. काय करू गो, फोनवर बोलायची सोयच राहिली नाही. तू बोलायला लागलीस की मागचा टीव्ही बंद होतो, त्यावरून मला कळतं फोन स्पीकरवर आहे ते. म्हणून दहावीनंतर आज पहिल्यांदा एवढं लिहायला बसलेय. तू बरी आहेस का, एवढंच विचारायचंय खरं तर. पण सरळ विचारलं की तू लगेच हो म्हणतेस, म्हणून आधी इकडचं तिकडचं सांगते.

तुझा तो कॉलनीचा गेम मी अजून चालू ठेवलाय. लग्नाच्या आदल्या आठवड्यात मला कॉम्प्युटरसमोर बसवून शिकवलेलंस आणि म्हणालेलीस, आई, माझी माणसं तुझ्या जिवावर सोडून चाललेय. भावेशरावांनी निरोप पाठवलेला ना, लग्न झालेल्या बाईला कसला गेम, कॉम्प्युटर माहेरीच राहू दे. आपण दोघी त्यावर हसलेलो. मला वाटलेलं, मुलगा जरा जुन्या वळणाचा आहे, होईल सरळ. तर आता रोज दुपारी बाजारातून आले, अंघोळ केली, दोन घास खाल्ले की मी तुझ्या खुर्चीत. बाबा म्हणतात, सरस्वती, लोकांच्या बायका या वयात देवळात जातात. मी म्हणते, तुम्ही दुपारभर घोरता, त्यापेक्षा माझी शेती बरी. माणसांना खायला घालायचं, भिंती बांधायच्या, लुटारू आले तर लढायचं, मला तर यात संसारापेक्षा वेगळं काही दिसत नाही.

पहिली टोळी आलेली तेव्हाचं आठवतं का गो? डोंगरात सोन्याची खाण लागलेली आणि मी खूश! चिलखत कशाचं करू म्हणून गेमने विचारलं. लाकूड, कातडं, तांबं, पोलाद, चांदी, सोनं, सगळी यादी समोर. मी म्हटलं, यात विचार कसला करायचा? आपल्याकडे अडीअडचणीला काय उपयोगी पडतं? तुझ्या आजीची बोट फुटलेली तेव्हा तिने पाटल्या मोडल्या, तुझ्या कॉलेजला मी गोठ मोडले. मग घातली सगळ्यांना सोन्याची चिलखतं, डोक्यावर सोन्याचे टोप, हातात सोन्याच्या तलवारीसुद्धा. माणसं अशी झगमगत होती की मी बाबांना झोपेतून उठवून दाखवलेली. आणि मग आले मेले लुटारू, हातात साधे दगडाचे सोटे घेऊन. आपली माणसं एवढी जड झालेली की गेटपर्यंत पोहोचेचनात, वरातीतल्या नवरदेवासारखी हळूहळू चालत होती. पहिला सोटा बसला आणि चिलखत तेलाच्या डब्यासारखं चेपलं. निम्मी कॉलनी गेली. मी रडत तुला फोन केला, तर तू एवढी हसलीस की तुला ठसका लागला.

तेव्हा तुझं लग्न नवीन होतं, फोनवर तासन् तास बोलायचीस. तूच मला सगळं समजावलंस. सोनं मऊ आणि त्यात जड, अंगावर घातलं तर मार अडत नाही आणि पळताही येत नाही. धार हवी तिथे पोलाद. ठोकायचं हत्यार असेल तर वजन हवं, म्हणून गदा चांदीची चालते, तलवार नाही. त्यावर मी म्हटलेलं, चांदीच्या कोयत्यानं तर बोंबीलही कापला जायचा नाही, आणि तू म्हणालीस, आई तू पास झालीस. अंगात आधी जाड कातडं, त्यावर पोलाद. पळत निरोप नेणारा असेल त्याला नुसतं कातडं, कारण त्याला पायच वाचवतात. आणि सोनं म्हणे भिंतीला लाव, माणसं बघून खूश होतील. तेवढाच त्याचा उपयोग. मी सगळं डोक्यात पक्कं केलं. त्यानंतर एवढ्या टोळ्या आल्या, पण आपल्या गेटच्या आत कोणी आलं नाही. तू शिकवलंस म्हणून गो, नाहीतर मला कोण शिकवणार?

मग तुझे फोन आखडत गेले. नारळी पौर्णिमेला यायचं ठरलेलं, आली नाहीस, सासूबाईंना ताप आहे म्हणालीस. दिवाळीला भावेशराव एकटेच फराळाचा डबा घेऊन उभ्या उभ्या येऊन गेले. मी स्वतःची समजूत घालत राहिले, नवीन घर आहे, पोर रमली असेल. पण तू फोनवर गेमचं मात्र विचारायचीस. भावेशरावांना त्यातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे ते तेवढं बोलू देत असतील, असं मला आता वाटतं.

मागच्या सोमवारी मी तुला सहज विचारलं. कॉलनीत तुझ्या नावाची जी बाई आहे तिला गेटवर उभं करायची वेळ आलेली, तर तिला काय घालू? तू म्हणालीस, सोन्याचं घाल आई. सोन्याच्या चिलखतात अगदी सुरक्षित राहील, मी इथे आहे तशी. मागून भावेशराव हसून म्हणाले, ऐकलंत ना, तुमची मुलगी सोन्यात आहे. मीही हसले. म्हटलं, बरं, तसंच करते. फोन ठेवला आणि तुझे शब्द पुन्हा मनात घोळवले. जिने मला सोन्याचं चिलखत घालू नकोस म्हणून शिकवलं, ती पोर हे चुकून बोलेल होय? मी ते कॉलनीतल्या बाईला घातलं नाही. गेम तसाच बंद केला आणि गोदाला फोन लावला.

ती आधी माशांच्या भावाचंच बोलत राहिली. खनपटीला बसले तेव्हा म्हणाली, या उकाड्यात वर्षाली मनगटापर्यंत बाह्यांचे ड्रेस घालते, आणि पिशवी घेताना डावा हात वर उचलत नाही. तुला त्रास नको म्हणून बोलले नाही, म्हणे! तिच्यावर मी एवढी ओरडले की आळीतल्या बायका दारात जमल्या. बाय माझी! ज्या पोरीला आम्ही कधी चापट मारली नाही, तिच्या अंगावर हात टाकतो काय तो! आणि वर मला फोनवर हसून दाखवतो! आधी का सांगितलं नाहीस, असं मी तुला विचारणार नाही. तू सांगितलंस. तो शेजारी उभा असताना, त्याच्या नाकावर टिच्चून सांगितलंस. माझी पोर हुशार आहे.

बाबांना सांगितलं तेव्हा ते उठून टेम्पो धुवायला गेले. मला वाटलं, आता हे तिकडे जाऊन त्याची कॉलर धरणार. पण संध्याकाळी वर आले आणि तुझ्या खोलीत ठेवलेली बर्फाची रिकामी खोकी एकेक करून खाली नेली. मग फरशी पुसली, स्वतः, गुडघा दुखत असताना. मला म्हणाले, आण तिला. कोळीवाड्यात कोण काय बोलेल त्याची तू चिंता करू नकोस. माझ्या तोंडाला कोण लागतं ते मला बघायचंच आहे.

आता नीट वाच आणि वाचलं की कागद फाडून टाक. शुक्रवारी दुपारी तुझ्या सासूबाई भजनाला जातात आणि भावेश ऑफिसला असतो, हे गोदाला पक्कं माहीत आहे. त्याला राव म्हणायला माझी जीभ आता वळत नाही. गोदा नेहमीसारखी तुमच्या बिल्डिंगच्या गेटबाहेर बसेल आणि तिच्या शेजारी दुसरी टोपली घेऊन मी बसेन. बाबा कोपऱ्यावर टेम्पो घेऊन थांबतील, माणकोलीच्या नव्या पुलावरून आपण कोलशेतला आपल्या घरी कधी पोहोचू ते कळणारही नाही. तू फक्त मासे घ्यायला येतेस तशी खाली ये. बॅग नको, दागिने नको, चप्पल सापडली नाही तर तशीच ये. पोलीस, वकील, डॉक्टर, सगळ्याची मी चौकशी करून ठेवलीय, पण ते तू जेवून, झोपून उठलीस की मग. आणि या शुक्रवारी तुझा पाय उचलला नाही, भीती वाटली, तर रागावणार नाही मी. मी पुढच्या शुक्रवारी येऊन बसेन, आणि त्याच्या पुढच्याही. तुमच्या बिल्डिंगला माझे मासे खाऊन कंटाळा येईल, पण मी तिथून उठणार नाही.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
आई