हेडमास्तर नावाचा मेंढा

पाली (बीड)
२२ सप्टेंबर २०२४

चि. सौ. यशोधरा हीस,
अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, असं विचारशील. फोनवर तू मध्येच हसतेस आणि माझा मुद्दा निसटतो. कागदावर खुशाल हस.

इकडे सगळं ठीक. बिंदुसरा काठोकाठ भरली आहे. तुझ्या वहिनीचे गुडघे तुझ्या गोळ्यांना दाद देत नाहीत, हे निवृत्त नर्सबाईंना कळवायला तिनं मुद्दाम सांगितलंय. पौर्णिमेला विहारात माझं भाषण झालं. चांगलं-वाईट ठरवायचं कुणी, बुद्धीनं की मनानं, असा विषय होता. मी स्पष्ट सांगितलं की मनाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं आणि निकाल बुद्धीनं द्यावा. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आता एक किरकोळ बातमी. मेंढरंवाला म्हाळू दर दिवाळीनंतर आपल्या रानात कळप बसवतो, आपल्याला खत मिळतं, हे तुला माहीत आहेच. गेल्या वर्षी त्याचं एक कोकरू आईवेगळं झालं. त्याची बायको कडूबाई ते आपल्या ओट्यावर ठेवून म्हणाली की गुरुजी, बाटलीनं वाढवा, पण ह्ये बिरोबाचं हाय. तिची सून बबिता तेव्हा पोटुशी होती, आधीची दोन पोटातच गेलेली. हे मूल जगलं तर हाच मेंढा देवाला कापीन, असा नवस. सांभाळून परत देईन, असा मी शब्द दिला. उन्हाळ्यात मुलगा झाला, गुटगुटीत आहे. तेव्हा दिवाळी झाली की ते मेंढा नेतील. नवस त्यांचा, मेंढा त्यांचा. आपला संबंध वर्षभराच्या चाऱ्यापुरता.

शिंगांना आता एक वळसा पडलाय. भाकरी फक्त माझ्या हातची खातो. दारात आडवा उभा राहून उशिरा येणाऱ्याकडे रोखून बघतो, म्हणून मी त्याला हेडमास्तर म्हणतो. नाव वगैरे ठेवलेलं नाही, नुसतं म्हणतो.

माया आहेच, ती कागदावर सांडत नाही.
तुझा,
सर्जेरावदादा

*

चकलांबा (ता. गेवराई)
६ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
यशोधराचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. भाषणाला चार ओळी, वहिनीच्या गुडघ्यांना एक आणि किरकोळ बातमीला उरलेला सगळा कागद. न्यायाधीश साहेबांची तब्येत बरी आहे ना?

तुला मेंढा द्यायचा नाही. हे तुझं तुलाच अजून कळलेलं नाही, म्हणून टपालानं कळवते आहे. आता बघ, आधी तुला हिंसा आठवेल, मग अंधश्रद्धा, मग तुझंच एखादं भाषण. तुझं मन केव्हाच पुढे पळालंय आणि बुद्धी त्याच्या चपला हातात घेऊन मागून धापा टाकत येतेय. दवाखान्यात मी हेच बघत आले. माणसं घरूनच ठरवून यायची आणि मग डॉक्टरांना सल्ला विचारायची.

आणि हो, रविवारी नळीसाठी तू वहिनीशी भांडतोस, ते मटण कुठल्या झाडाला लागतं तेही कळव.

लोभ आहे तेवढा पुरवून वापर.
तुझी,
यशोधरा

*

पाली
२७ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. यशोधरास,
आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

तुझ्या पत्रातली थट्टा वगळून उत्तर देतो, म्हणजे उत्तर फार लांबणार नाही.

मी शांतपणे विचार केला. नवस ही अंधश्रद्धा आहे. आपल्या आप्पांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि घरातलं हे सगळं बंद केलं. अशा कामाला जनावर देणं म्हणजे त्यात भागीदार होणं. शिवाय हिंसा. शिवाय चुकीच्या कामासाठी दिलेला शब्द बांधत नाही, याला तर्कात आधार आहे. तू वर्तवलेल्या क्रमानं हे आलेलं नाही, अंधश्रद्धा आधी आली, याची नोंद घ्यावी.

तेव्हा मी म्हाळूला फोन करून मेंढा साप चावून मेला म्हणून सांगितलं. फोन कडूबाईनं घेतला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की देवानं सोताच नेला म्हणायचा, देणं फिटलं. म्हणजे बघ, तिचा नवस फिटला, मेंढा वाचला, नुकसान कुणाचंच नाही. तर्कशुद्ध मार्ग म्हणतात तो हा.

फक्त ते लोक दिवाळीनंतर इथं येतील आणि मेलेला मेंढा दारात उभा दिसेल. तुझा बाळू मंगळवारी टेम्पो घेऊन बीडला येतोय असं कळलं. परत जाताना त्यानं रिकामं जाऊ नये.

तू बहीण आहेस, हे तू या वेळी लक्षात ठेवशील अशी आशा.
तुझा,
दादा

*

चकलांबा
९ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

मयत सुखरूप पोचले. आल्याआल्या माझी कांद्याची रोपं खाल्ली, मग दोरीवरच्या लुगड्याचा पदर. वरून माझ्याकडेच असे बघतात, जणू मी उशिरा आले.

दादा, दर पौर्णिमेला सगळ्या विहाराकडून तू पंचशील म्हणवून घेतोस. जीव वाचवून पहिलं पाळलंस, छान. त्यासाठी खोटं बोलून चौथं मोडलंस आणि न दिलेला मेंढा ठेवून घेऊन दुसरं. उरली दोन, ती तुझ्या वयात आपोआपच पाळली जातात.

अंधश्रद्धेचं म्हणशील तर एकच विचारते. म्हाळूनं हाच मेंढा नवसाला नाही, नातवाच्या कौतुकाच्या जेवणाला मागितला असता, तर दिला असतास? उत्तर पाठवू नकोस. मला माहीत आहे आणि मेंढ्यालाही.

तो दिवसभर रस्त्याकडे तोंड करून उभा असतो. माझ्या हातची भाकरी हुंगतो आणि तोंड फिरवतो. हे थट्टेनं लिहीत नाही, मला त्याची दया येते. तुझीही थोडी येते.

लोभ शिल्लक आहे, लुगडं नाही.
तुझी,
यशोधरा

*

पाली
१ डिसेंबर २०२४

चि. सौ. यशोधरास,
आशीर्वाद. वि. वि.

म्हाळूचा कळप आला आणि गेला. कडूबाईनं ओट्यावर येऊन नातवाला माझ्या मांडीवर दिलं आणि उलट माझंच सांत्वन केलं. म्हणाली की गुरुजी, तुमी लई जीव लावलता, आमाला ठावं हाय. पोरगं माझा चष्मा ओढत होतं. मी त्या निमित्तानं खाली बघून घेतलं.

मला लाज वाटते आहे. हे वाक्य तुला हवंच होतं, घे. ते लोक आता गोदाकाठाला गेलेत, फेब्रुवारीत याच वाटेनं परततील. तेव्हा मी खरं सांगणार. बुद्धी तेच सांगते. अडचण इतकीच की मेंढा जिवंत म्हटलं की तिचा नवसही जिवंत झाला. मग एक तर मेंढा जाईल, नाहीतर पोराला साधा ताप आला तरी ती बाई देवाचं राहिलेलं देणं आठवून अर्धमेली होईल. त्यावर मी काय देणार तिला, अंधश्रद्धेवरचं भाषण?

तूच सांग काय करू. थट्टेत सांगितलंस तरी चालेल.
तुझा,
दादा

*

चकलांबा
५ जानेवारी २०२५

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

थट्टा करायलाच बसले होते. पण परवा जे झालं ते आधी सांगते.

म्हाळूचा कळप आमच्या शेजारच्या रानात बसला आणि मला पत्ताच नाही. दुपारी कडूबाई कडेवर नातू घेऊन पाण्याला आली. मी तुझी बहीण, हे तिला ठाऊक नव्हतं. हेडमास्तर दारात. तिची हाक कानावर पडताच तो असा ओरडला की मी आतून धावत आले. दोरी ताणून त्यानं डोकं तिच्या हाताखाली घातलं. तिनं शिंग चाचपलं, मग कानाची खाच बोटानं बघितली. म्हाळूच्या कळपाची खूण आहे ती, मी कधी लक्षच दिलं नव्हतं. गेवराईच्या बाजारातून आणला असं सांगायचं माझ्या ओठावर आलं होतं. बघ, दुसऱ्याच्या खोटेपणावर पत्रं लिहिणं सोपं असतं.

तिनं विचारलं की ह्याला काय म्हणता. हेडमास्तर, मी म्हणाले. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा नातवाकडे, आणि म्हणाली,

"मग ह्यो आमचा न्हाई. आमच्याला नावच नव्हतं. आमचा मेला."

मग किती तरी वेळ त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. उठताना नातवाच्या एका पायातला काळा दोरा सोडला, त्याला दुसरा जोडून मेंढ्याच्या गळ्यात बांधला आणि घागर भरून निघून गेली.

आता सांग, पिंजऱ्यात कुणाला उभं करायचं? बिरोबाला ती मनापासून मानते, नातवाचा जीव त्याच्या पदरात आहे असं धरून चालते, आणि त्याच्या समोर धडधडीत खोटं बोलली. त्यात तिचा विचार किती आणि माया किती, मला वेगळं करता येत नाही. मी तिथं उभी राहून रडले, एवढं सांगते.

तू मात्र खरं सांगायला जाऊ नकोस. ते खोटं आता तुझ्या मालकीचं राहिलेलं नाही, तिनं ते घेतलंय.

नेहमीपेक्षा थोडा जास्तच लोभ पाठवते.
तुझी,
यशोधरा

*

पाली
२३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. यशोधरास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचूनही मी माझंच खरं करणार होतो, हे तुला वेगळं सांगायला नको. परवा कडूबाई ओट्यावर आली. मी घसा साफ केला आणि त्या मेंढ्याबद्दल जरा बोलायचं आहे, असं म्हणालो. तिनं मांडीवरच्या नातवाच्या कानावर तळवा ठेवला.

"गुरुजी, मेलेल्याची याद काढू नका. पोरगं ऐकतंय."

मग तिनं चहा मागितला. तुझी वहिनी गुडघे चोळत बसली होती, म्हणून मीच केला.

विहारातल्या पोरांना त्याच विषयावर पुढचं भाषण हवंय. घसा बसलाय असं कळवलं, म्हणजे चौथं शील पुन्हा गेलं. रविवारी घरी मटण होतं. खाल्लं, नळीसकट. कारण विचारू नकोस, अजून सापडलेलं नाही.

म्हाळूची वाट आपल्याच दारावरून जाते, तेव्हा हेडमास्तरला आता कधीच इकडे आणता येणार नाही. हे मला तर्कानं पूर्ण पटलंय आणि तरी दार मोकळं बघवत नाही. त्याला ज्वारीचीच भाकरी दे, बाजरीची खात नाही. देताना खाली बस, म्हणजे खातो. गळ्यातला दोरा अधूनमधून ढिला करत जा, मान अजून भरते आहे. दोऱ्या-गंड्यांवर माझा विश्वास नाही, हे तुला माहीत आहे. तोडू मात्र नकोस.

माझा लोभ सध्या तुझ्याच दारात बांधलेला आहे.
तुझा,
दादा