बॅटरीची तार देव्हाऱ्यात आहे

अहो,

भटू मला न्यायला मुऱ्हाळी आलाय, त्याच्यासोबत एस.टी.ने आखाजीच्या सणाला माहेरी पारोळ्याला निघाले. तुमचा नुकता डोळा लागला होता, उठवलं नाही.

"बठ्ठ्या पोरी आखाजीले गयात, आमनी गाडी आंगणमाच शे!" असं काल मी टोचलं, आणि तुम्ही घाईत बॅटरीची तार न काढताच फ्यूजच्या पेटीत पाना घातलात. बोटं तुमची भाजली; भाजायला माझी जीभ हवी होती.

तार काढून मी देव्हाऱ्यात ठेवली आहे. काळ्या हातांनी तुम्ही देवाला शिवत नाही, म्हणजे जळालेल्या पेटीच्या जागी नवी पुरी बसवून, आंघोळ करूनच ती घ्याल. खोबरेल वाटीत आहे.

झोक्यावर बसेन, पण कान आपल्या गाडीच्या हॉर्नकडे असतील. बोटं बरी होईपर्यंत तो वाजला नाही, तरी या वेळी काही बोलणार नाही.

प्रमिला